शर्यत संपली की सांगते

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या परसातून असा आवाज यायला लागायचा, की वाटावं कुणीतरी पिठाची गिरणी सुरू करून दार उघडं टाकलंय. एक गिरणी नाही, तीस-पस्तीस गिरण्या एकदम. दोन शनिवार मी सोसलं. तिसऱ्या शनिवारी लेक रात्रीची शिफ्ट करून नुकतीच आडवी झाली होती, तेव्हा मी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि मागच्या दाराने कुंपणापाशी गेले, भांडायला.

हे करोनाच्या दुसऱ्या वर्षातलं. आम्ही सिडनीत गिरावीनला राहतो, लेक, जावई, नात आणि मी. लेक वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. त्या थंडीत, म्हणजे इथल्या जून-जुलैत, सिडनी पुन्हा बंद झाली आणि आमच्या बाजूच्या वस्त्या जरा जास्तच कडक बंद झाल्या. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, कुणाच्या घरात पाय ठेवायचा नाही. लेकीने मला आणखी वेगळं बजावलं होतं, "आई, तू गेटबाहेर पडायचं नाहीस. भाजी नाही, वॉक नाही, काही नाही. मी रोज काय बघते ते माझं मला माहितीये." मी कुठे पडणार होते बाहेर. परस, स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीतली खिडकी, एवढ्यातच माझं चाललेलं.

तर कुंपण. आमचं कुंपण लाकडी फळ्यांचं, माझ्या खांद्याएवढं. मधल्या दोन फळ्या वाऱ्यात पडल्या होत्या, त्या कुणी परत लावल्या नव्हत्या. त्या फटीतून बघते तर शेजारचे आजोबा मागच्या व्हरांड्यात उन्हाला बसलेले, गुडघ्यांवर ब्लँकेट, आणि समोर टेबलावर टीव्ही. घरातला टीव्ही लांब वायर लावून चक्क बाहेर आणलेला. आजोबा म्हणते खरी, पण माझ्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठे असतील. एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, ती लांब क्वीन्सलँडला, दुसऱ्या राज्यात. तोवर आमचं बोलणं म्हणजे कचऱ्याचे डबे बाहेर काढताना गुड मॉर्निंग.

मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "प्लीज, साउंड कमी. माय डॉटर स्लीपिंग. हॉस्पिटल."

त्यांनी रिमोट उचलून आवाज कमी केला आणि म्हणाले, "सॉरी, लव्ह. पण आवाजाशिवाय यात काय मजा? असं कर, तूही बघ." असं म्हणून उठले आणि टेबल तिरकं केलं, मला फटीतून दिसेल असं.

त्या 'लव्ह'ने मी गारच पडले. नंतर लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, इथले म्हातारे दुकानातल्या बाईलाही लव्ह म्हणतात. हुरळून जाऊ नकोस."

शर्यत अमेरिकेतली होती. तिकडची शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ. ट्रकची शर्यत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपला मालट्रक आला, मागे हॉर्न ओके प्लीज लिहिलेला, आणि मी विचारलं, "सामान कुठाय?" त्यावर आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. हे ट्रक म्हणजे इथे ज्याला यूट म्हणतात तसे दिसायला, पुढे केबिन आणि मागे हौदा, पण हौदा झाकलेला आणि सगळं वजन वेगासाठी काढून टाकलेलं. लांबट गोल रस्ता, वळणावर बाहेरच्या अंगाने भिंतीसारखा उचललेला. त्यावर हे ट्रक फिरत राहतात. डावीकडे, पुन्हा डावीकडे, परत डावीकडे. नातीला कौतुकाने सांगायला गेले तर ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "आजी, दॅट्स सो रँडम."

पण मला गोडी लागली, आणि त्याला कारण होतं. आमचे हे एसटीच्या डेपोत फोरमन होते. आयुष्यभर माझ्या घराला ग्रीसचा वास. यांचं जेवताना बोलणं काय, तर कुठला ड्रायव्हर टायर खातो आणि कुठला जपतो. हे जाऊन सहा वर्षं झाली होती आणि टायर या विषयावर माझ्याशी कुणी बोललेलं नव्हतं. आजोबा बोलले. ते तरुणपणी इथल्याच मातीच्या गोल ट्रॅकवर शनिवारच्या शर्यतींना पिटमध्ये असायचे. पिट म्हणजे शर्यत चालू असताना गाडी क्षणभर जिथे थांबवतात ती जागा. माणसं भिंतीवरून उड्या टाकून येतात, एक जण जॅक लावतो, दोघे नट सोडवतात, आणि मी आवंढा गिळेपर्यंत चारही टायर बदलून ट्रक गेलेला. मी म्हटलं, "आमच्या डेपोत एक टायर बदलायला दोन चहा लागायचे." हे त्यांना फार आवडलं. पुढे कुणाचं पिटमध्ये जरा लांबलं की ते ओरडायचे, "टू टी, मेट, टू टी." तोवर मी लव्हची मेट, म्हणजे दोस्त, झाले होते.

पिवळ्या झेंड्याचं मात्र मला समजायला वेळ लागला. रस्त्यावर कुणी आपटलं की पिवळा झेंडा लागतो, सगळे हळू होतात आणि एकामागे एक गोळा होतात. ज्याने तासभर राबून पुढे अंतर काढलेलं असतं त्याचं ते अंतर गेलं. मी म्हटलं, "हा अन्याय आहे." आजोबा म्हणाले, "हा खेळ आहे." त्या वेळी थांबून नवे टायर घ्यायचे की जुन्यांवरच पुढचा नंबर धरून ठेवायचा, यावर सगळं ठरतं. आजोबांचा एक लाडका होता, हिरव्या ट्रकचा चालक. वयाने सगळ्यांत मोठा, मागे पैसेवाली टीम नाही, कित्येक वर्षांत जिंकलेला नाही. मीही हिरव्याचीच झाले.

आता डब्याचं सांगते. खरं म्हणजे हेच सांगायला बसले आहे.

पहिल्याच शनिवारी मी त्यांना थालीपीठ दिलं होतं, वर लोण्याचा गोळा, स्टीलच्या डब्यात. कुंपणाच्या फळीवर डबा ठेवायचा आणि मागे सरायचं, त्यांनी मग उचलायचा, अशी आमची पद्धत. त्यांनी डबा घासूनपुसून परत ठेवला. मी उघडून बघितला आणि हसत म्हटलं, "आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत." मी सहज म्हटलं हो. आपल्याकडे म्हणतोच ना आपण, शेजारणीने वाटी आणली तर निदान चार दाणे साखर तरी घालून देतो. पण ते गंभीर झाले. म्हणाले, "असं आहे का? मला माहीत नव्हतं."

पुढच्या शनिवारी डब्यात लॅमिंग्टन आले, खोबऱ्यात घोळलेले केकचे तुकडे. मी विचारलं, "यात अंडं आहे?" ते म्हणाले, "केक आहे, लव्ह. अंडं असणारच." मी म्हटलं, मी अंडं खात नाही. झालं. मग दोन शनिवार त्यांच्या झाडाची लिंबं आली. मी लोणचं घातलं, आणि दुसऱ्या वेळी काय म्हणावं मी? "आता बास बाबा लिंबं, बरण्या संपल्या घरातल्या." थट्टाच होती. पण आज एकेक वाक्य आठवते तेव्हा वाटतं, मी त्या माणसाचा एकेक रस्ता बंद करत गेले.

त्यानंतरच्या शनिवारी डब्यात शेंगदाण्याची चिक्की होती.

मला इतका आनंद झाला की विचारायचंच राहिलं, ही आली कुठून. त्यांचं वाणसामान त्यांची मुलगी क्वीन्सलँडहून ऑनलाइन मागवायची, मंगळवारी गाडी यायची. त्यांची फुप्फुसं सिगारेटने आणि गॅरेजच्या धुराने खाल्लेली, लस एकच झालेली. मुलीला त्यांनी शब्द दिला होता की दाराबाहेर पडणार नाही. मी मनाशी म्हटलं, मागवली असेल मुलीनेच. घरी येऊन पुडा उलटा केला तर मागे स्टेशनजवळच्या आपल्या वाण्याच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली. ते दुकान घरपोच काही देत नाही.

आणि पुढच्या शुक्रवारी मी डोळ्यांनी बघितलं. मी पुढच्या खोलीत खिडकीशी मेथी निवडत बसले होते. साडेदहा-अकराची वेळ. आजोबा रस्त्याने येत होते, हातात कापडी पिशवी, मास्क नाकाखाली घसरलेला. आमच्या लेटरबॉक्सवर हात टेकून ते उभे राहिले, श्वास घ्यायला. किती वेळ उभे होते. मी काय केलं, तर मी पडद्याच्या आड सरकले. त्यांनी मला बघू नये म्हणून. बघितलं असतं तर मला बोलावं लागलं असतं, बोलले असते तर ते थांबले असते, आणि ते थांबले असते तर शनिवारी डबा उघडताना जे वाटायचं ते गेलं असतं. कित्येक महिने मला कुणी काही आणून दिलं नव्हतं. लेक दमलेली, जावई दिवसभर मीटिंगमध्ये. मला हवं होतं ते. आता कितीही वेगळं सांगितलं तरी खरं कारण हेच.

त्या शनिवारी राजगिऱ्याच्या वड्या आल्या. मी खाल्ल्या, छान आहेत म्हटलं, आणि वर म्हणाले, "थंडीत तिळाची चिक्की मिळाली तर आणखी मजा." ते म्हणाले, "तीळ म्हणजे?" मी सांगितलं, छोटे, पांढरे, पावावर लावतात ते. त्यांनी मान हलवली, पाठ करून ठेवल्यासारखी.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा गेले. मी पुन्हा पडद्याआड. आणि शनिवारी तिळाची चिक्की आली.

त्यानंतरचा गुरुवार. तेव्हा सरकारची यादी निघायची, बाधित माणूस कुठल्या दुकानात कुठल्या वेळी येऊन गेला त्याची. लेक रोज संध्याकाळी जेवताना फोनवरून वाचायची, जवळपासचं काही आहे का म्हणून. त्या दिवशी तिने आपल्या वाण्याच्या दुकानाचं नाव वाचलं. गेला शुक्रवार, सकाळी दहा ते अकरा.

जावई म्हणाला, "आपण कोणी गेलो नाही ना?" लेक म्हणाली, "नाही, आपलं ऑर्डरच येतं. आई, पोळी वाढू?"

मी पोळी घेतली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की दुकानातली चिक्की आपल्या घरात आली आहे, डब्यात तीन तुकडे अजून शिल्लक आहेत, नातीने दोन खाल्ले. लेकीला कामावर जाता आलं नसतं, घरभर टेस्ट झाल्या असत्या, आणि मुख्य म्हणजे कुंपण बंद. मी विचार केला, आजोबांना शनिवारी सांगू. त्यांना काही होत असतं तर दिसलंच असतं. एका दिवसाने काय बिघडतंय. शुक्रवारी मी दोनदा परसात गेले. त्यांचं मागचं दार लावलेलं होतं. फटीतून हाक मारायची, एवढंच करायचं होतं. मी वाळलेले कपडे काढून आत आले.

शनिवारी ते बाहेर बसलेले दिसले तेव्हा मला हायसं वाटलं. ब्लँकेट खांद्यापर्यंत ओढलेलं होतं, पण थंडीच होती. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांब, थांब," ते म्हणाले. "हिरवा बघ कुठे आहे."

हिरवा तिसरा होता. आम्ही बघायला लागल्यापासून तो कधी पहिल्या दहांत आला नव्हता. मी म्हटलं, बरं, जरा थांबू.

तिकडे प्रेक्षक खचाखच भरले होते, कुणाच्या तोंडाला मास्क नाही, खांद्याला खांदा लावून उभे. आणि इकडे आम्ही दोन म्हातारी माणसं, मधे कुंपण. हिरवा टायर जपत होता. पुढचे दोघे एकमेकांच्या अंगावर जात होते, आणि हा मागे शांत, वळणात आधीच पाय उचलून घ्यायचा. आमचे हे असते तर म्हणाले असते, हा एसटीत चालला असता. मी ते आजोबांना सांगितलं. ते हसले आणि खोकले. कोरडा खोकला होता, नेहमीचा नव्हता. नेहमीचा खोकला मी फटीतून इतके आठवडे ऐकलेला, त्याला कफाची घरघर असायची. हा वेगळा, वरवरचा, तुटक.

मी म्हटलं, "बरं वाटत नाही का?"

"बाहेर गार आहे."

तेव्हा सांगायचं. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. तेवढ्यात पुढच्या दोघांची टक्कर झाली, दोघेही भिंतीला घासत गेले, पिवळा झेंडा. बाकीचे सगळे पिटमध्ये वळले, नवे टायर घ्यायला. हिरवा वळला नाही. जुन्या टायरवर तो तसाच पुढे राहिला आणि एकदम पहिला झाला.

आजोबा पुढे वाकले. "वेड्या," ते त्याला म्हणाले, "टायर संपलेत तुझे." पण चेहरा असा उजळलेला की मी तसा कधी बघितला नव्हता.

वीस फेऱ्या उरल्या होत्या. मी मनात म्हटलं, शर्यत संपली की सांगते. एवढं त्यांना बघू दे. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. नवे टायरवाले मागून एकेक येत होते आणि हिरवा त्यांना आत शिरू देत नव्हता, खालची बाजू अडवून धरत होता. मी उभी राहिले, फळीला धरून. आजोबा मोठ्याने फेऱ्या मोजत होते, मधे खोकत होते, परत मोजत होते. दोन फेऱ्या उरल्या आणि मागे कुणीतरी गिरकी खाल्ली. पुन्हा पिवळा झेंडा. आता फेऱ्या वाढवणार, शर्यत लांबणार. मला आठवतंय, मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. सांगायची वेळ आणखी पुढे गेली म्हणून.

शेवटच्या वळणावर दोघे हिरव्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. तो तिसरा आला.

आजोबांनी रिमोटने टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "आज जवळ आला होता." उठायला गेले आणि खुर्चीचा हात धरून परत बसले. "जरा आडवा होतो. तुझं काय सांगायचं होतं?"

त्यांचा चेहरा घामेजला होता. मी म्हटलं, "काही नाही. उद्या सांगते."

रविवारी ते बाहेर आले नाहीत. सोमवारी सकाळीही पडदे ओढलेलेच. तेव्हा मी लेकीला म्हटलं, आजोबा दिसले नाहीत. तिने खिडकीवर ठोठावलं, आतून उत्तर आलं नाही, तिने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. अंतराळवीरांसारखे कपडे घातलेले दोघे त्यांना घेऊन गेले. लेकीने आम्हा सगळ्यांच्या टेस्ट करवल्या. आमच्यापैकी कुणालाही काही निघालं नाही. शिल्लक चिक्की मी कागदात गुंडाळून कचऱ्यात तळाशी घातली.

त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, लेकीच्या फोनवर. तिला माझ्याशी बोलायचं होतं. क्वीन्सलँडची हद्द बंद होती, तिला येता येत नव्हतं. ती रडत नव्हती, पण थांबून थांबून बोलत होती. "डॅड कुठेच जात नव्हते. घरात कुणी येत नव्हतं. तुम्ही त्यांना रोज बघता, ते गेले होते का कुठे?"

लेक माझ्या समोर उभी होती, माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "आय डोन्ट नो."

आजोबा वाचले. पाच आठवडे हॉस्पिटलात होते, मग आणखी काही दिवस चालायला शिकवतात तिथे. लेकीची एक मैत्रीण त्या वॉर्डात होती, ती सहज बोलून गेली की म्हातारबाबा उशिरा आले, दोन-तीन दिवस आधी आले असते तर एवढं झालं नसतं. लेक म्हणाली, "एकटे ना. कोण सांगणार त्यांना?" मी भांडी घासत होते. घासत राहिले.

ऑक्टोबर सरता सरता ते घरी आले. नाकात नळी, सोबत घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्र, हातात वॉकर. फटीपाशी आले आणि म्हणाले, "मुलीला वाटतंय माझं डोकं जागेवर नाही."

झालं होतं असं, की मुलीला त्यांच्या कार्डावर दर शुक्रवारी त्या दुकानातली खरेदी दिसली. तिने विचारलं, शब्द दिला होता तरी का गेलात, आणि काय घेतलं? ते म्हणाले, आठवत नाही, फिरावंसं वाटलं. जे दुकान त्यांच्या ओळखीचं नाही, जिथलं काही ते खात नाहीत, तिथे हे तीन-तीन शुक्रवार गेले आणि काय घेतलं ते आठवत नाही. मुलीने ते डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने कागदावर लिहिलं. आता ते एकटे राहायचे नाहीत, हद्द उघडली की तिच्या गावाजवळच्या वृद्धांच्या केंद्रात जायचं, घर विकायचं.

"तुम्ही खरं का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"तुला कशाला मधे आणू? ती तुझ्यावर चिडली असती." मग म्हणाले, "राहू दे, मेट. तूही बोलू नकोस."

आणि मी नाही बोलले. त्यांनीच सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून. किती सोयीचं होतं ते. पुढच्या हिरवळीवर विक्रीची पाटी लागली तरी बोलले नाही. नोव्हेंबरात एका शनिवारी लिलाव झाला, इथे घरं तशीच विकतात, रस्त्यावर मास्क लावलेली माणसं जमली, लिलाववाला बोटं नाचवत बोली पुकारत होता, आणि आजोबा मागच्या व्हरांड्यात पाठ करून बसले होते. चाळीस वर्षांचं घर होतं त्यांचं. मी फटीतून त्यांची मान बघत होते.

डिसेंबरात हद्द उघडली आणि मुलगी गाडी चालवत आली, सामान बांधायला. पन्नाशीची, रापलेली, भराभर काम करणारी बाई. मला बघून कुंपणाशी आली, माझे आभार मानायला. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली म्हणून, आणि डॅडशी बोलत होतात म्हणून. आजोबा मागे व्हरांड्यात होते, मोकळ्या खोक्यांच्या मधे.

आभार ऐकले आणि मला राहवेना. मी म्हटलं, "ते वाण्याकडे माझ्यासाठी जात होते." मग सगळं सांगितलं, तुटक इंग्रजीत. डबा, अंडं, लिंबं, चिक्की. मागून आजोबा म्हणाले, "मेट, नको." मी थांबले नाही.

तिने विचारलं, "म्हणजे त्यांना माहीत होतं ते काय करतायत?"

"सगळं माहीत होतं. त्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक आहे."

ती वडिलांकडे वळली. "मी डॉक्टरला सांगितलं की ते विसरतात," ती म्हणाली. "मीच सांगितलं." तिने तिथेच उभ्या उभ्या घराच्या एजंटला फोन लावला. व्यवहार झाला होता, सह्या झाल्या होत्या, नवीन मंडळी आठवड्यात राहायला येणार होती. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुमचा दोष नाही. तुम्हाला काय माहीत होतं?"

आजोबाही मान हलवत होते. दोघांनी मला सोडून दिलं होतं. मी तेवढ्यावर घरात जाऊ शकत होते, आणि कुणाला काही कळलं नसतं. माझ्या लेकीलासुद्धा हे पुढचं आत्ता वाचूनच कळेल.

मी म्हटलं, "मला माहीत होतं. दुकानाचं नाव यादीत आलेलं मी ऐकलं होतं. गुरुवारी."

"कुठल्या गुरुवारी?" मुलीने विचारलं.

उत्तर आजोबांनी दिलं. "शर्यतीच्या आधीच्या," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. "तुला सांगायचं होतं ते हे?"

"हो."

त्यांनी मांडीवरचा हात उचलला आणि अंगठ्याने बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारवर अंगठा थांबला. मग हात खाली ठेवला. ते मला मेट म्हणाले नाहीत. मुलीला म्हणाले, "मला थंडी वाजतेय, आत ने."

डिसेंबरचं ऊन होतं, अंगाची लाही होत होती. तिने यंत्राची वायर गोळा केली, वॉकर पुढे धरला आणि त्यांना सावकाश आत घेऊन गेली. मग परत येऊन तिने मागचं दार ओढून घेतलं. आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं.